न मोजलेला आकडा

दिघोरीच्या आमच्या घरात थोरल्या भावाने दोन वह्या आयुष्यभर सांभाळल्या. एक धानाची आणि दुसरी देण्याघेण्याची. कोणत्या बांदीत किती खंडी धान झाले, कोणाची किती रोजी राहिली, सोसायटीचा हप्ता कधी भरला, सारे त्यात असे. मी 38 वर्षे बँकेत दुसऱ्यांची खाती तपासली. पण दादाच्या वहीत मला कधी एका पैशाची चूक सापडली नाही. फक्त एक आकडा त्या घरात कधीच लिहिला गेला नाही. तो होता दादाच्या रक्तदाबाचा.

माझा मात्र लिहिला गेला होता. 2004 साली बँकेने अधिकाऱ्यांची वैद्यकीय तपासणी केली, तेव्हा तो 160/100 निघाला. मला काहीही होत नव्हते, तरी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. त्या दिवाळीत गावी गेल्यावर दादाला म्हटले, ‘‘तूही एकदा मोजून घे.’’ तो हसला. ‘‘मले का होते? हे सायबलोकायची बिमारी आहे. मी तं दिवसभर बांदीत रायतो.’’ मीही हसलो आणि विषय तिथेच संपला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

2013 च्या धानकापणीत एका सकाळी दादाच्या हातातून विळा पडला. तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली. गावात म्हणतात तसे ‘वारं गेलं’ होते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, परत आणले आणि दहाव्या दिवशी घरीच सारे संपले. वहिनींनी मला विचारले, ‘‘भाऊजी, त्यायले तं कधी ताप बी आला नोता. मंग हे असं का झालं?’’ मी घरातला शिकलेला माणूस, पण माझ्याकडे उत्तर नव्हते.

ते मला दोन वर्षांनी मिळाले, आणि तेही शेजारच्याच जिल्ह्यातून. दिघोरी लाखांदूर तालुक्यात आहे. लाखांदूर ओलांडले की थोड्याच अंतरावर गडचिरोलीची हद्द लागते. नदी तीच वैनगंगा, पीक तेच धान आणि माणसेही आमच्यासारखीच. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली सुरू केलेली ‘सर्च’ ही संस्था बालमृत्यूंवरील संशोधनासाठी जगभर ओळखली जाते. पुढे तिथे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला: खेड्यातली माणसे नेमकी कशाने मरतात?

2011 ते 2013 अशी दोन वर्षे 86 गावांतल्या मृत्यूंची नोंद झाली. ज्या घरात कोणी गेले, तिथे जाऊन नातेवाइकांना विचारायचे, शेवटच्या दिवसांत काय झाले, बोलता येत होते का, हातपाय हलत होते का. त्या उत्तरांवरून मृत्यूचे कारण ठरवायचे. 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने झाले होते. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच ठरले! लकव्याने गेलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे 87 जणांनी घरीच प्राण सोडला होता. 2015 साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. जिल्हा वेगळा, म्हणून माझ्या दादाचे नाव त्यात असणे शक्य नव्हते. तरीही वाचताना वाटत राहिले, की हे आमच्याच ओसरीवर बसून लिहिले आहे.

लकवा आणि हृदयरोग ही सख्खी भावंडे आहेत. शेतातल्या मोटारपंपाचे उदाहरण घ्या. पाइपात पाण्याचा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला, तर पंपही थकतो आणि पाइपही कुठेतरी दगा देतो. शरीरात पंप थकला तर हृदयाचा आजार होतो. मेंदूकडची वाहिनी तुंबली किंवा फुटली तर लकवा मारतो. आणि गंमत अशी, गंमत कसली दैवदुर्विलासच, की हा दाब बहुधा दुखत नाही. ताप नाही, खोकला नाही. तो मोजल्यावरच कळतो.

ही गोष्ट मोठ्या राष्ट्रांनाही उशिराच कळली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब 1944 साली 186/108 होता. दिमतीला डॉक्टर होते, पण प्रभावी औषध नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो 300/190 वर पोहोचला होता. 1948 साली त्या देशाने हृदयविकारांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उभारण्याचा कायदा केला. त्याच वर्षी फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात 5209 स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. रोगी शोधायचे नव्हते. धडधाकट माणसांच्या नोंदी ठेवून पुढे कोणाला काय होते, ते पाहायचे होते. उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचे हृदयरोगाशी असलेले नाते त्या नोंदींतूनच पक्के झाले. आता त्या माणसांच्या नातवंडांच्याही नोंदी होतात.

औषधाच्या शोधात आपलाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन तिचा गुण तपासला आणि 1949 साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात तो मांडला. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज तिच्याहून चांगल्या आणि स्वस्त गोळ्या आहेत. दादा गेला तेव्हाही होत्या. औषधाची वाण नव्हती, दंडाला पट्टा बांधायचे राहून गेले होते.

आनंदाची गोष्ट ही, की 2017 च्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि शासन यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आमचा भंडारा होता. त्याची रीत मला बँकेसारखी वाटते. प्रत्येक रुग्णाचे खाते, नोंदीचे कार्ड, ठरलेल्या तारखेला तपासणी, महिनाभराच्या गोळ्या. ठरल्या दिवशी कोणी आला नाही, तर त्याची चौकशी. थकलेल्या हप्त्याची चौकशी मी जन्मभर केली. थकलेल्या गोळीची करणारे लोक पाहून मला भरून येते.

वाचकहो, दुसऱ्याला सांगण्यापूर्वी घरातला हिशेब पाहावा, म्हणून मी वहिनींना दवाखान्यात घेऊन गेलो. त्यांचाही रक्तदाब वाढलेला निघाला. मीठ कमी झाले, ताटातले लोणचे-पापड कमी झाले, गोळी सुरू झाली. आता त्यांचे कार्ड दादाच्या वह्यांजवळ असते. परवा गावी गेलो, तर मला दाखवून म्हणाल्या, ‘‘आता बराबर आला. मले बरं वाटते भाऊजी. गोळी बंद करू का?’’

मी म्हटले, ‘‘नाही वहिनी. बरं तर दादालाही वाटत होतं.’’

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या.