'फार' या शब्दापाशी
सावनेरहून एका विद्यार्थ्याचे पत्र आले आहे. महाविद्यालयात टर्बो सी या कंपायलरवर विनातक्रार चालणारा त्याचा प्रोग्राम घरी लिनक्सवरील जीसीसी या कंपायलरने नामंजूर केला. तेव्हा एकाच सी भाषेची व्याकरणे दोन कशी, अशी त्याची पृच्छा आहे.

हा प्रश्न आमच्या नागपूर जिल्ह्यातून यावा हे उचितच होय. नागपूरच्याच यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने असंख्य विद्यार्थ्यांना ही भाषा शिकविली, आणि बोर्लंडचा टर्बो सी आमच्या महाविद्यालयांत इतका मुरला की त्याच्या लकबी म्हणजेच भाषा, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः टर्बो सी व रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हे दोन्ही १९८७ सालचे. सीची अमेरिकी प्रमाणसनद १९८९ची. आणि तिच्या पलीकडे दोघांनीही आपापली भर घातलेली.

पत्रातील पहिली तक्रार 'कोनिओ डॉट एच'ची. ती व्याकरणाची नव्हेच. ती फाईल टर्बो सीच्या दप्तरी आहे, जीसीसीच्या नाही, एवढेच.

दुसरी तक्रार मात्र अस्सल आहे. स्क्रीनच्या स्मृतीत थेट अक्षर लिहिण्यासाठी त्याने 'कॅर फार स्टार पी' असा पॉइंटर घोषित केला. ८०८६ प्रोसेसरवर स्मृतीचे ६४ किलोबाइटचे खंड पडत आणि खंडाबाहेरचा पत्ता सांगावयाचा तर खंडाचा क्रमांकही द्यावा लागे, म्हणून बोर्लंडने 'फार' हा शब्द योजला. जीसीसीच्या कोशात तो नाही. सबब 'फार' हे एखाद्या चलाचे नाव असावे असे समजून तो निःशंक पुढे जातो आणि तारकाचिन्हापाशी अडतो, व तक्रारही त्या निरपराध चिन्हाविरुद्धच नोंदवितो. बोलींतही असेच घडते. आमच्याकडे 'तो गावाला जाऊन राहिला' म्हणजे तो जात आहे. पुण्याचा श्रोता तेच शब्द ऐकून तो तेथे मुक्कामास राहिला असे बिनदिक्कत समजतो आणि 'बस सुटायची आहे त्याची' हे पुढले वाक्य आल्यावर गोंधळतो. श्रोत्याला मागे वळून अर्थ सुधारता येतो. कंपायलरास ती मुभा नाही.

तथापि सारा दोष टर्बो सीच्या माथी मारणे मला मान्य नाही. जीसीसी 'केस'पुढे १ ते ५ हा पल्ला तीन टिंबांनी लिहू देतो. ती सोय टर्बो सी तत्काळ नाकारील, व सनदेप्रमाणे ते योग्यच ठरेल.

पत्रलेखकाने एक प्रयोग अवश्य करावा. टर्बो सीच्या पर्यायांत केवळ आन्सी, म्हणजे त्या अमेरिकी सनदेतलेच, शब्द मानण्याची तजवीज आहे. ती चालू करून तोच प्रोग्राम पुन्हा द्यावा. महाविद्यालयातला तो ओळखीचा टर्बो सीही मग त्याच तारकाचिन्हापाशी थांबेल.