पोलोग्राउंडचा पाषाण आणि खानदेशातील भिंती

पोलोग्राउंड म्हटले की इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे कारखाने आणि वीज कंपनीचे आवार उभे राहते. पोलोचे मैदान केवळ नावात उरले आहे. तेथे एका जागी पायाचे खोदकाम चालले असता आम्ही सहज थांबलो. काळी माती सरली आणि पहार ठणकन वाजली. "वही काला पत्थर!" मुकादम वैतागून म्हणाला. आम्हांस मात्र साक्री तालुक्यातील आत्याबाईंच्या शेताचे स्मरण झाले. कारण तेथील पाषाण याच कुळीचा.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून शिलारस वाहू लागला. थरावर थर साचले. आजही ५ लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास प्रदेश या बेसाल्टाखाली आहे. माळव्यातील एका थरसमूहाला भूवैज्ञानिकांनी इंदूरचेच नाव दिले आहे, हे किती इंदूरकरांस ठाऊक असेल?

भेगांतून वर चढणारा रस अखेरीस तेथेच थिजला. त्या उभ्या पाषाणाला शास्त्रात भित्ती म्हणतात. भोवतालचा खडक झिजला, चिवट भित्ती मात्र तटासारखी उघडी पडली. तिचे खांब आडवे असतात, रचलेल्या मोळीसारखे. कारण ती दोन्ही अंगांनी निवत गेली. सर्वच भित्ती पृष्ठभागापर्यंत पोहोचल्या असे नाही; कित्येक वाटेतच थिजल्या.

मानपूरचा घाट उतरून, खलघाटावर नर्मदा ओलांडून, सेंधव्यावरून आपण धुळ्याकडे जातो, तेव्हा अशाच भित्तींच्या प्रदेशात शिरतो. हेतु शेठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नंदुरबार-धुळे भागातील २१० भित्तींची नोंद आहे. जाडी ३ ते ६२ मीटर, सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटर! बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, कारण त्या काळी जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती.

आत्याबाईंच्या शेतातून अशीच एक भित्ती गेली आहे. गावात तिला नुसते टेकाड म्हणत. आत्याबाईंचे यजमान आणि धाकटे दीर यांची वाटणी झाली तेव्हा आयता बांध म्हणून तेच टेकाड सीमा ठरले. वरच्या अंगाची विहीर आत्याबाईंकडे आली. ती चैत्रातही आटत नसे. दिरांनी खालच्या अंगास खोदलेली विहीर माघातच कोरडी पडे. "थोरल्याने जाणूनबुजून फसविले," असे दीर म्हणू लागले आणि एका पंगतीस बसणारी घरे पुढे लग्नकार्यातही एकमेकांच्या दारी जाईनाशी झाली. आम्हीही तेव्हा मनातून दिरांचीच बाजू घेत होतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढे भूजलाचे जाणकार एक गृहस्थ आले. त्यांनी सांगितले, की फटी नसलेली भित्ती जमिनीखालीही बांधासारखी उभी असते. उताराने झिरपत येणारे पाणी तिच्यापाशी अडते. हे वाटणीच्या वेळी दोघांपैकी कोणासच ठाऊक नव्हते. तोवर यजमान निवर्तले होते.

आत्याबाईंनी दिरांना निरोप धाडला आणि स्वतःच्या विहिरीवरून टेकाडापलीकडे नळ टाकविला. आम्ही खर्चाची गोष्ट काढताच त्या म्हणाल्या, "तुमच्या इंदुरात जलूदची नर्मदा सत्तर किलोमीटर डोंगर चढून येते ना? मग आमचे पाणी एवढीशी भिंत चढेना होय?"