पाणी जोखावे कसे? : कोयता आणि खुकरी

ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही पुस्तिका निघते, त्यांचा एक आग्रह असे : ऐकलेले खरे मानू नका, करून पाहा. त्या आग्रहाला स्मरून मी आज एका साध्या वस्तूविषयी लिहिणार आहे. ती वस्तू म्हणजे कोयता. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत कोयता नसलेले घर शोधून सापडायचे नाही. शहाळे सोलणे, झावळ्या तोडणे, कुंपण घालणे, काजूच्या बागेतील रान साफ करणे, ही सारी कामे त्याच्यावरच चालतात. तरीही तो विकत घेताना त्याची परीक्षा कशी करावी, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

मला हा विषय सुचला तो एका प्रसंगामुळे. पावसाळ्यापूर्वी आमच्या परसातील माड साफ करण्यासाठी पाडेली आला होता. त्याने नुकताच बाजारातून आणलेला कोयता कमरेच्या आकड्याला अडकवला होता. तिसऱ्या माडावर घाव घालताना पाते मुठीतून निसटले आणि खाली उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावापासून हातभर अंतरावर मातीत रुतले. कोणाला इजा झाली नाही. पाडेली खाली उतरला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग एवढेच म्हणाला की, नव्या कोयत्याचे पाणी न जोखता आपण माडावर चढायला नको होते.

‘पाणी जोखणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. परंतु तो लोहाराच्या भट्टीशीही तितकाच जुळतो. कोयत्यासाठी गावोगाव जे पोलाद वापरले जाते, ते बहुधा मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानपाट्याचे असते. डिचोलीच्या भूमीतील लोहखनिज अनेक दशके जहाजांनी परदेशी गेले आणि तेथील लोहाराच्या ऐरणीवर मात्र ट्रकचा तुटका पाटा आला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. तो पाटा हलका नव्हे. त्यात सुमारे अर्धा टक्का किंवा थोडे अधिक कार्बन असते आणि वारंवार वाकूनही न तुटण्याचा गुण असतो. नेपाळातील कामी, म्हणजे तेथील लोहार, आपली खुकरीही पुष्कळदा अशाच पाट्यापासून घडवतात. 1814 ते 1816 च्या इंग्रज-नेपाळ युद्धानंतर जगभर ख्याती पावलेले हे शस्त्र मुळात घरचे आणि शेताचे हत्यारच आहे. आपल्या कोयत्याचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावा.

पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात विझवले की आतील कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. स्फटिकांची रचना ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण, परंतु ठिसूळ बनते. यालाच लोहार ‘पाणी देणे’ म्हणतो. तापमान पुरेसे झाले की नाही हे तो रंगावरून ओळखतो. लोहचुंबक जवळ असेल तर आपल्यालाही अंदाज घेता येतो. कारण सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंड चुंबकाला चिकटत नाही. पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून उजळलेल्या पोलादावर सुमारे 230 अंशांना गवती पिवळा रंग चढतो, 300 च्या आसपास निळा. धार पिवळ्या-तपकिरी रंगावर थांबवावी आणि पाठ निळी होऊ द्यावी, हे यातले मर्म. धार कठीण हवी, पाठ चिवट हवी. खुकरी घडवणारा कामी हाच हेतू वेगळ्या रीतीने साधतो. तो तापलेले पाते बुडवीत नाही, किटलीच्या तोटीने फक्त धारेवर पाणी ओततो.

पुढे मी तीन पाती जमवली : डिचोलीकडील लोहाराचा जुना कोयता, बाजारचा नवा कोयता आणि लष्करातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याने दिलेली खुकरी. तिन्हींना एकाच दगडावर, शक्य तितक्या सारख्या कोनात धार लावली. लाकूड एकच, वाळलेला वेळू. हात एकच, माझा. वेळू मुद्दाम घेतला, कारण त्याच्या सालीत वाळूचेच द्रव्य, सिलिका, असते आणि ते धारेची कसून परीक्षा घेते. दर पंचवीस घावांनंतर कागद कापून पाहिला आणि धार उजेडासमोर धरून तपासली.

प्रारंभी कानस फिरवून घेतली. कानस धारेवरून घसरली तर पाणी चढले आहे. लोखंड खाऊ लागली तर नाही. जुन्या कोयत्याच्या धारेवर ती सर्वत्र घसरली. बाजारच्या कोयत्यावर सर्वत्र चावली. खुकरीचा प्रकार अधिक बोधप्रद होता : पोटाच्या भागात कानस घसरली, मुठीजवळ चावली. किटलीचे पाणी कोठे पडले होते, हे त्या पात्याने स्वतःच सांगितले. घाव तर पोटाच्याच भागाने घालायचा असतो.

शंभर घावांनंतर जुना कोयता अजून कागद कापत होता. बाजारच्या कोयत्याची धार दुमडली होती. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. धार दुमडली तर पाणी कमी. धारेचे तुकडे उडून खांडे पडले तर पाणी जास्त, किंवा नंतरचे तापवणे राहून गेलेले. दुमडलेली धार दगडावर पुन्हा सरळ करता येते, पण उडालेला तुकडा कोणाच्याही डोळ्यांत जाऊ शकतो. खुकरीची धार टिकली. मात्र तिची मूठ थोडी हलू लागली. जुन्या पद्धतीत पाते लाखेच्या लुकणाने मुठीत बसवतात, आणि सततच्या हादऱ्यांनी किंवा उन्हाने ते सैल होऊ शकते. एकेका पात्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु पाहावे काय, हे त्यावरून निश्चित कळले.

मुठीची परीक्षा सर्वांत महत्त्वाची असूनही आपण ती शेवटी करतो, किंवा करीतच नाही. घावाचा वेग दुप्पट झाला की पात्यातील ऊर्जा चौपट होते आणि प्रत्येक घावाला ती मुठीच्या सांध्यावर आदळते. म्हणून पात्याचे शेपूट मुठीत आरपार जाऊन मागे वळवून ठोकलेले आहे का, पुढे लोखंडी कडे आहे का, हे आधी पाहावे. मग आसपास कोणी नाही याची खात्री करून जमिनीवरच्या ओंडक्यावर पन्नास घाव घालावेत आणि मूठ पुन्हा हलवून पाहावी. चिऱ्यावर घाव घालून दाखवणे ही मात्र परीक्षा नव्हे. त्याने चांगले पातेही बिघडते आणि कळत काहीच नाही.

शेवटची परीक्षा आपला पावसाळा घेतो. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, समुद्रावरचा खारा वारा आणि बोंडूंचा आंबट रस यांपुढे कोणतेही साधे पोलाद निमूट गंजते. काम संपल्यावर पाते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवणे हा उपाय आपल्या आज्या जाणत होत्या.

त्या पाडेल्याने नंतर जुन्या लोहाराकडून कोयता करून घेतला. पहिल्या दिवशी तो माडावर न चढता अंगणातल्या ओंडक्यावर घाव घालीत बसला. मी मोजत होतो. पन्नास झाल्यावर त्याने मूठ हलवून पाहिली, भावाला अंगणाबाहेर जाऊन उभे राहायला सांगितले, आणि मगच तो माडाकडे वळला.