विठ्ठलवाडीहून कळसूबाई

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, आणि निम्मा प्रवास लोकलने! विठ्ठलवाडी कर्जत मार्गावर, म्हणून आधी एक स्टेशन मागे कल्याणला यायचं आणि कसारा लोकल पकडायची. कसाऱ्याहून जीप, इगतपुरी-घोटीमार्गे अकोले तालुक्यातलं बारी गाव. चार-पाच जण मिळून जीप ठरवली की परवडते.

बारीतून वाट चढतच राहते. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, दोर लागत नाही. मात्र शनिवार-रविवारी शिड्यांवर रांगा लागतात. रजा टाकून मधल्या वारी जाणं शहाणपणाचं. माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ, नवरात्रात तिची जत्रा. हवा स्वच्छ असेल तर अलंग-मदन-कुलंग आणि भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. कळसू नावाच्या कोळी मुलीची दंतकथा मात्र बारीतल्या एखाद्या आजीकडूनच ऐका, नेटवर वाचण्यात मजा नाही.

हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. त्यामुळे स्पीकर घरी ठेवा, शेकोटी नको, आणि काजव्यांच्या दिवसांत (मे अखेर ते जून) झाडांवर टॉर्च मारू नका. विजा चमकत असतील तर शिड्या न चढता सरळ खाली उतरा. रिकाम्या बाटल्या सॅकमध्येच परत आणा.