नाव झाकलेली सही

राणोजी शिंद्यांच्या काळापासून दौलतरावांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरास मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन हे शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते, आणि त्या दौलतीचा कारभार चालला तो मोडी कागदांवर. मजकूर कारकुनाच्या हातचा, वर शिक्का, आणि मजकूर संपेल तेथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणास एक ओळही वाढवता येऊ नये. असा कागद हाती पडलेल्या पाटलाला तो कोणत्या कारकुनाने लिहिला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हुकूम दौलतीचा आहे एवढे शिक्क्यावरून पटले की त्याचे काम भागे. व्यक्ती दडलेली आणि अधिकार उघड, ही तजवीज आपल्याला परकी नाही. तरीही संगणकावरील सहीचा विषय निघाला की तीच गोष्ट अशक्य, किंबहुना लबाडीची, असे सुशिक्षित लोकही समजतात, आणि त्या समजुतीभोवती आणखी काही गैरसमज गोळा झालेले दिसतात.

त्यांतला सर्वांत साधा आधी निकालात काढू. कागदावरील सहीचे छायाचित्र दस्तऐवजात चिकटवले म्हणजे डिजिटल सही झाली, असे मानणारे आजही थोडे नाहीत. वस्तुतः सही करणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते व तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली सर्वांस उपलब्ध असते. दस्तऐवजाचा गणिताने काढलेला संक्षेप आणि ती गुप्त किल्ली यांच्या संयोगातून जी संख्या निघते तीच सही, आणि मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती पडताळणीत टिकत नाही. 17 ऑक्टोबर 2000 पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली ती अशा सहीला.

सार्वजनिक किल्ली कोणाची हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर नाव आहे, तेव्हा जबाबदार माणूस सापडलाच, हा दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. गुप्त किल्लीचा ताबा धारकाने स्वतः सांभाळावा असे त्या कायद्याचे 42 वे कलम बजावते खरे. परंतु गुप्त किल्ली साठवलेले साहेबांचे डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि त्याचा पिन खणातल्याच चिठ्ठीवर, ही रीत ज्याने कचेऱ्या पाहिल्या आहेत त्याला नवी नाही. तेथे नाव शाबीत होते, हात मात्र शाबीत होत नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा की, नाव झाकले की सही बेजबाबदार झाली, आणि निनावी अर्जाची जी गत तीच तिची. चौम आणि व्हान हेस्ट या दोन संशोधकांनी 1991 मध्ये मांडलेली समूहस्वाक्षरीची कल्पना नेमकी येथे उपयोगी पडते. समूहातील प्रत्येक सभासदाला स्वतःची निराळी गुप्त किल्ली मिळते, पण पडताळणीची सार्वजनिक किल्ली साऱ्या समूहाची एकच असते. त्यामुळे सही या समूहातल्याच कोणाची तरी आहे हे परक्यालाही निःसंशय कळते, कोणाची हे कळत नाही. मात्र आजच्या बहुतेक रचनांत सहीच्या पोटात सही करणाऱ्याची ओळख कूटबद्ध करून ठेवलेली असते, ती खरीच आहे याचा गणिती पुरावाही सोबत असतो, आणि वेळ पडल्यास ती उलगडण्याची किल्ली एका नेमलेल्या मुखत्याराच्या हाती असते.

हे स्वप्नरंजन नव्हे; असाच बंदोबस्त सरकारने कागदावर केलेला आहे. रस्तेबांधणीतील भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे हत्या झाली, आणि पुढे 21 एप्रिल 2004 च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे असे काम सोपविण्यात आले की, तक्रारदाराने बंद पाकिटात आपले नाव द्यावे, आयोगाने ते गुप्त राखावे, आणि चौकशी मात्र मजकुराची व्हावी. नाव मुळीच नसेल तर ठरावाचा लाभ नाही. उज्जैनच्या एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेतील कारकुनाला हा मार्ग खुला आहे. राज्य सरकारच्या नोकरांविरुद्धच्या तक्रारींना तो नाही, आणि ज्या व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या गैरव्यवहारांनी 2013 पासून मध्य प्रदेश ढवळून निघाला, ते मंडळ राज्याचेच होते. राज्यांनाही कवेत घेणारा संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संमत झाला खरा, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघाल्याचे मी ऐकले नाही.

मग शंका येते ती अशी की, मुखत्यारानेच लबाडी करून निरपराध माणसाचे नाव पुढे केले तर? शंका रास्त आहे, आणि ती संशोधकांनाही सुचली होती. बेलारे, शी आणि झांग यांनी 2005 मध्ये जी चौकट सिद्ध केली तिच्यात सभासदांना किल्ल्या देणारा आणि सही उलगडणारा हे दोन वेगळे अधिकारी कल्पिलेले आहेत. उलगडणाऱ्याने नुसते नाव सांगून भागत नाही, तर कोणालाही तपासता येईल असा पुरावा त्यासोबत द्यावा लागतो, आणि हे दोघे संगनमत करूनही प्रामाणिक सभासदाच्या नावावर न केलेली सही चढवू शकत नाहीत. त्याहून पुढे जाऊन उलगडण्याची किल्ली पाच जणांत वाटता येते, जेणेकरून तिघे एकत्र आल्यावाचून ती चालूच नये.

वलयस्वाक्षरी हे समूहस्वाक्षरीचेच दुसरे नाव, असेही पुष्कळांना वाटते. रिव्हेस्ट, शमीर आणि टौमन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या या प्रकारात प्रमुख नाही, नोंदणी नाही, उलगडणाराही नाही. सही करणारा इतरांच्या सार्वजनिक किल्ल्या त्यांना न विचारता गोळा करतो आणि आम्हांपैकी कोणीतरी एकाने सही केली, एवढेच सिद्ध करतो. गुपित फोडणाऱ्याला यासारखे अभय नाही, परंतु जबाबदारीच्या दृष्टीने त्यात पोकळीच आहे, शिवाय ज्यांनी काही केले नाही त्यांच्यावरही संशयाची सावली पडते. ती पोकळी भरण्यासाठी, उलगडण्याची सोय असलेली वलयस्वाक्षरी झू आणि युंग यांनी 2004 मध्ये सुचविली.

शेवटचा भ्रम गणिताच्या भक्तांचा आहे: रचना निर्दोष झाली की समतोल आपोआप साधला. 2018 च्या निवडणूक रोख्यांत सही नव्हती, पण सूत्र हेच होते. देणगीदार जनतेपासून लपलेला, रोख्यावर मात्र नुसत्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक, आणि नोंदवही स्टेट बँकेच्या ताब्यात. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली, आणि मार्चमध्ये क्रमांक प्रसिद्ध होताच देणारा आणि घेणारा पक्ष यांची जोडी कोणालाही लावता आली. क्रमांक नेमका होता. पण ती नोंदवही कोणाकडे असावी आणि कोणाच्या हुकुमाने उघडावी, याचा निवाडा न्यायासनालाच करावा लागला.

तूर्त आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, जेथे मान्य ई-स्वाक्षरीच्या रीती दिल्या आहेत, तेथे समूहस्वाक्षरीला जागा नाही, आणि परवानाधारक प्राधिकरण देते ते प्रमाणपत्र धारकाच्या नावानेच. तेव्हा उज्जैनच्या त्या बँक कारकुनाला दक्षता आयोगाकडे जायचे तर अजून टपालाचे पाकीटच, आणि पाठविणाऱ्याचे नाव पाकिटावर लिहू नये, असे आयोगाचे सांगणे आहे.