आबांच्या पेटीतलं रशियन विमान

आमच्या डोणगावच्या घरात माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. हिरवा रंग उडालेली, कडी मोडलेली. आमचे आजोबा, ज्यांना सारं गाव आबा म्हणायचं, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या रसदखात्यात मोटार ड्रायव्हर होते. परत येताना ते ही पेटी घेऊन आले. त्यांच्यामागे तिच्यात उरलं ते थोडकंच: एक जाड लोकरी मफलर, एका पदकाची विटलेली फीत, आणि पोस्टकार्डाएवढा एक फोटो. फोटोत मोकळ्या मैदानात उभं असलेलं दोन इंजिनांचं विमान, त्याच्या चाकाशी टोपी घातलेला एक माणूस, आणि विमानाच्या अंगावर पाच टोकांचा काळा तारा. फोटोमागे पेन्सिलीनं, बऱ्याच पुसट झालेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आबा दान’. निदान आम्हा सगळ्यांना तरी ते तसं दिसायचं. कुणा दोस्तानं आबांना हा फोटो दान दिला असावा, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही लावला होता.

या फोटोची गोष्ट सांगायची तर आधी 1971 सालच्या डिसेंबरात जावं लागेल. बांगलादेशचं युद्ध पेटलं होतं. संध्याकाळी पारावर रेडिओ लागायचा आणि मेहकर तालुक्यातलं आमचं हे गाव जणू दिल्लीचं युद्धखातं व्हायचं. ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार झालेला, आणि अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. रशिया म्हणजे सख्खा भाऊ आणि अमेरिका म्हणजे वैरी, असा साधा हिशेब होता. त्यात आबा बोलून गेले, ‘‘अरे, मागच्या लढाईत अमेरिकेनं इमानं बनवून रूसले देल्ली. बसऱ्याकडं म्या माह्या डोयानं पाह्यलं. इमान अमेरिकेचं अन् तारा रूसचा!’’

पारावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, ‘‘आबा आज लईच उंच उडून राह्यले.’’ मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मीही हसलो. आबांनी धोतराचा सोगा सावरला आणि ते उठून घरी गेले. त्यानंतर लढाईची गोष्ट त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. 1978 साली ते गेले. त्यांचं ते गप्प होणं माझ्या मनात कुठंतरी टोचत राहिलं.

निवृत्तीनंतर पेटी पुन्हा उघडली, तेव्हा ठरवलं की या विमानाचा छडा लावायचा. विमानांचं मला काही विशेष ज्ञान नव्हतं. पण विमान ओळखणं हे शेतातलं पीक किंवा आभाळातला पक्षी ओळखण्यासारखंच आहे, हे लवकरच कळलं. महायुद्धात तर ते जीवनमरणाचं काम होतं. येणारं विमान आपलं की शत्रूचं, हे काही सेकंदांत ठरवावं लागे. त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि टेहळ्यांना विमानांच्या काळ्या छायाकृती पाठ करायला लावत. खेळायच्या पत्त्यांवरही त्या छापल्या होत्या. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी काळी नमुना-विमानं करून ती छताला टांगत. एवढं करूनही चुका व्हायच्या. सोव्हिएत पे-2 आणि जर्मन मेसरश्मिट 110 या दोघांनाही दोन इंजिनं आणि दुहेरी शेपटी. त्यामुळे रणांगणावर आपल्याच माणसांनी आपल्या विमानावर गोळ्या झाडल्याचे प्रसंग घडले.

पहिला प्रश्न ताऱ्याचा होता. रशियाचा तारा तांबडा. लहानपणी ‘सोव्हिएत देश’ मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आम्ही वह्या-पुस्तकांना घालायचो. तो तांबडा तारा तिथून डोळ्यांत भरलेला. मग आबांच्या फोटोत तो काळा कसा? याचं उत्तर फिल्ममध्ये निघालं. त्या काळच्या अनेक साध्या रोल-फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. अशा फिल्मवर तांबडं ते काळंभोर उमटायचं आणि निळं मात्र फिकट, जवळजवळ पांढरं. जुन्या लग्नाच्या फोटोंत नवरीचं लालभडक कुंकू काळं दिसतं, त्याचंही कारण कित्येकदा हेच असतं. म्हणजे काळा तारा हा तांबडा तारा असू शकतो. अमेरिकेचा तारा पांढरा, तो काही काळा उमटणार नाही. चला, रशियाचा तारा तरी पक्का झाला.

आता विमान कोणतं? मी शाळामास्तरासारखी फळी आखली आणि एकेकाला वगळत गेलो. युद्धकाळातली सोव्हिएत बाँबफेकी विमानं तशी मोजकीच. टीबी-3 हे जुनं अवजड धूड, चार इंजिनांचं, पन्हाळीच्या पत्र्यासारखं अंग असलेलं. पे-8 सुद्धा चार इंजिनांचं. याच विमानानं परराष्ट्रमंत्री मोलोतोव 1942 साली लंडनला आणि तिथून वॉशिंग्टनला गेले होते. आमच्या विमानाला इंजिनं दोन, तेव्हा ही दोन्ही बाद. पे-2 हे सर्वांत जास्त बनलेलं, अकरा हजारांच्या वर. पण त्याच्या शेपटीवर दोन उभे पट्टे असतात. तु-2 चंही तसंच. आमच्या फोटोत उभा पट्टा एकच. ती दोन्हीही बाद. राहिली एसबी आणि इल-4. एसबीची इंजिनं पाण्यानं थंड होणारी, म्हणून त्यांची ठेवण लांबट. आमच्या विमानाची इंजिनं हवेनं थंड होणारी, गोल तोंडाची, आतल्या नळकांड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या. उरलं इल-4. दोन इंजिनं, गोल तोंड, एकेरी शेपटी, पुढं काचेचं नाक. सगळं जुळलं. पाच हजारांच्या वर बनलेलं हे सोव्हिएत विमान. ऑगस्ट 1941 मध्ये बर्लिनवर जे सोव्हिएत हल्ले झाले, ते मुख्यतः याच घराण्यातल्या विमानांनी केले. मी खूश झालो आणि एका कागदावर लिहून टाकलं: ‘इल्युशिन इल-4’.

माझा हा आनंद नातीनं दोन मिनिटांत उतरवला. ती सुट्टीत आली होती. मी जमवलेली चित्रं जमिनीवर पसरली होती. ती बघता बघता म्हणाली, ‘‘आजोबा, बाकीची सगळी विमानं बसलीत. हे एकटंच उभं कसं?’’

भिंग घेऊन पाहिलं, तर तिचं म्हणणं खरं होतं. इतर सारी विमानं कुत्रं मागच्या पायांवर बसतं तशी, नाक वर आणि शेपूट जमिनीला, अशी होती. त्यांची दोन मोठी चाकं पुढं आणि एक चिमुकलं चाक शेपटीखाली. आबांच्या फोटोतलं विमान मात्र चारी पायांवर उभ्या बैलासारखं सरळ. कारण त्याचं तिसरं चाक शेपटीखाली नव्हतंच, ते नाकाखाली होतं. टोपीवाला माणूस त्याच चाकाशी उभा होता! इतकी वर्षं आम्ही तो माणूस पाहत होतो, चाक पाहिलंच नव्हतं.

युद्धात मोठ्या संख्येनं वापरलेल्या सोव्हिएत बनावटीच्या बाँबफेकी विमानांना नाकाखाली चाक नसे. ती पद्धत अमेरिकी विमानांची. म्हणजे हे विमान रशियन नव्हतंच. क्षणभर मनात आलं, आबांनी खरंच थाप मारली होती की काय? आणि दुसऱ्याच क्षणी पारावरचं ते वाक्य कानांत वाजलं. ‘इमान अमेरिकेचं अन् तारा रूसचा.’ मी रशियन विमान शोधत बसलो होतो. आबांनी ते रशियात बनलं असं कधी म्हटलंच नव्हतं.

मग शोधाची दिशाच बदलली. अमेरिकेनं रशियाला दिलेली दोन इंजिनांची बाँबफेकी विमानं प्रामुख्यानं दोन. बी-25 मिचेलच्या शेपटीवर दोन उभे पट्टे, म्हणून ते बाद. दुसरं डग्लस कंपनीचं ए-20, ज्याला ‘बोस्टन’ म्हणत. एकेरी उंच शेपटी, तिचे आडवे पंख दोन्ही बाजूंनी ठळकपणे वर उचललेले, इंजिनांची आवरणं पंखांच्या मागच्या कडेबाहेर निमुळती होत गेलेली, धड अरुंद पण उभट. फोटोशी एकेक खूण ताडून पाहिली, सगळ्या जुळल्या. अशी सुमारे साडेसात हजार विमानं बनली आणि त्यांतली सुमारे तीन हजार एकट्या सोव्हिएत संघाला मिळाली.

ती गेली कशी, हे वाचलं तेव्हा आबांचं युद्ध मला पहिल्यांदा दिसलं. जून 1941 मध्ये हिटलरनं रशियावर चढाई केली. रशियाला शस्त्रं पोचवायची तर वाट हवी. 25 ऑगस्ट 1941 रोजी उत्तरेकडून सोव्हिएत आणि दक्षिण-पश्चिमेकडून ब्रिटिश फौजा इराणात घुसल्या. ब्रिटिश म्हणायचं, पण त्यात 8 वी आणि 10 वी हिंदी डिव्हिजन होती. या 8 व्या डिव्हिजनच्याच मराठा पलटणीतल्या नामदेव जाधवांना पुढं 1945 साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इराणातून रशियाकडे रस्ते आणि रेल्वेनं रसद सुरू झाली. ट्रक, टायर, धान्य, दारूगोळा. हिंदी ड्रायव्हर बर्फाच्या घाटांतून आणि तापल्या वाळवंटातून ट्रक हाकत होते. त्यांच्या कामाची जाण म्हणून सोव्हिएत सरकारनं 1944 साली हिंदी रसदखात्यातले सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद यांना ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हा सन्मान दिला.

आणि विमानं? बरीच बोस्टन विमानं अलास्का-सैबेरियाच्या वाटेनं गेली, पण पुष्कळशी इराणच्या आखातातूनही. ती जहाजातून सुटी यायची. आखाताच्या उत्तर टोकाशी, बसऱ्याहून फार लांब नसलेल्या एका तेलाच्या गावी अमेरिकी कारागीर ती जोडायचे. पांढऱ्या ताऱ्याच्या जागी तांबडा तारा रंगवायचे. सोव्हिएत तपासनीस एकेक खिळा पाहून ती ताब्यात घ्यायचे आणि सोव्हिएत वैमानिक इराणचे डोंगर ओलांडून ती उत्तरेला न्यायचे. त्या गावाचं नाव वाचलं आणि मी पुस्तक मिटून फोटो उलटा केला. ‘आबा’ आणि ‘दान’ यांच्यामध्ये जागा नव्हतीच. पेन्सिलीची रेघ तिथं पुसली गेली होती, एवढंच.

आबादान.

फोटो कुणी दान दिला नव्हता. आबांनी गावाचं नाव लिहून ठेवलं होतं.

या एका फोटोनं काय सिद्ध होतं आणि काय नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. विमान ए-20 जातीचं आहे आणि त्यावर सोव्हिएत तारा आहे, हे फोटो सांगतो. जागा आबादान, हे मागची पेन्सिल सांगते. ए-20 च्या अनेक उपप्रकारांपैकी हे नेमकं कोणतं, ते मी ठरवू शकलो नाही. शेपटीवरचा नंबर सावलीत आहे, आणि एका बाजूचा पंख फोटोत कापला गेल्यानं मोजमापही घेता येत नाही. टोपीवाला अमेरिकी की रशियन, तेही कळत नाही. तो आबा मात्र नक्कीच नाही. आबा त्या दिवशी तिथं कुठंतरी ट्रकजवळ उभे असतील.

तसं पाहिलं तर बनवणारा एक आणि निशाण दुसऱ्याचं, ही गोष्ट आपल्याला नवी का वाटावी? आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-21 विमानं बनली. आराखडा सोव्हिएत, हात आपले, अंगावर तिरंगी चक्र. 2025 च्या सप्टेंबरात ती हवाई दलातून निवृत्त झाली, तेव्हा कुणी त्यांना परकं म्हटलं नाही. पण 1971 च्या पारावर दोस्त आणि दुश्मन यांची वाटणी इतकी पक्की होती की, तीस वर्षांपूर्वी हेच दोघं एका बाजूनं लढले होते, हे कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. जो तिथं हजर होता तो खोटा ठरला आणि आम्ही रेडिओ ऐकणारे खरे ठरलो.

तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल. त्यातले फोटो अल्बममधून ओढून काढू नका. मागं काही लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूचाही फोटो घेऊन ठेवा. पुसट अक्षरं दिव्याच्या तिरप्या उजेडात धरून वाचा. आणि घरातलं म्हातारं माणूस काही विचित्र सांगत असेल, तर हसण्याआधी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. मी आबांचं वाक्य लिहून घेतलं नव्हतं. ते माझ्या लक्षात राहिलं, कारण त्या वाक्यावर मी हसलो होतो.

गेल्या दिवाळीत मी तो फोटो घेऊन पारावर गेलो. त्या संध्याकाळी हसणाऱ्यांपैकी एकच जण आता आहेत, ऐंशी ओलांडलेले. चष्मा वर करून, फोटो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला. मी चाक दाखवलं, तारा दाखवला, मागचं नाव वाचून दाखवलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग फोटो माझ्या हातात परत देत म्हणाले, ‘‘म्हंजे आबा खरंच सांगत होते.’’

घरी आल्यावर नातीनं नवं पाकीट घेतलं आणि त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं: ‘विमान अमेरिकेचं, तारा रशियाचा, फोटो आमच्या आबांचा. आबादान.’