जबड्याची तरफ आणि तिचा टेकू

दोन्ही हातांची बोटे कानांच्या किंचित पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली काहीतरी सरकलेले जाणवेल. तो खालच्या जबड्याचा सांधा. जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा तेथे कवटीच्या खोबणीत बसतो. दोहोंमध्ये एक चिवट चकती असते.

आपला जबडा ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. सांधा हा टेकू, गालातले स्नायू लावतात ते बल आणि दातांखालचा पेरू हा भार. समजा, स्नायू सांध्यापासून ४ सें.मी.वर आणि पुढचे दात १० सें.मी.वर आहेत. पेरूवर १० किलोग्रॅम-भार दाब द्यायचा, तर स्नायूंना २५ किलोग्रॅम-भार बल लावावे लागेल. मग उरलेले १५ कोठे गेले? ते सांध्यावर पडले! तोच पेरू ६ सें.मी.वरच्या दाढेखाली घ्या. सांध्यावर फक्त ५ पडतील.

काहींचा खालचा जबडा फार मागे असतो. अशा वेळी तारांनी दात ओळीत आणतात आणि वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया करतात. ट्राउनर व ओब्वेगेसर यांनी १९५७ साली मांडलेल्या पद्धतीत दोन्ही बाजूंच्या हाडाचे उभे थर अलग करून दातांचा भाग पुढे सरकवतात. आता तो टायटॅनियमच्या पट्ट्यांनी व स्क्रूंनी पक्का करतात.

जबडा १ सें.मी. पुढे आला, तर आपल्या उदाहरणात सांध्यावरचा भार १५ ऐवजी १७.५ होतो. खरा जबडा याहून गुंतागुंतीचा असतो. ताणलेले स्नायूही माथ्याला मागे रेटतात. शिवाय भूल दिलेली असताना स्नायू सैल असतात. त्या वेळी माथा खोबणीत नीट बसला नाही, तर शुद्धीवर आल्यावर दातांची जुळणी बिघडते.

बहुतेक सांधे हा बदल पचवतात. काहींचे जुने दुखणे कमीही होते. पण काहींच्या सांध्यात कटकट वाजू लागते, वेदना होतात, तोंड पुरते उघडत नाही. क्वचित, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये, माथ्याचे हाड हळूहळू झिजते. मग जबडा पुन्हा मागे जातो आणि पुढच्या दातांत फट पडते.

म्हणून उपचारापूर्वी सांधा तपासणे आणि नंतरही काही वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते. तुमच्या घरी कोणाला हा उपचार सुचवला असेल, तर डॉक्टरांना दातांबरोबर टेकूबद्दलही अवश्य विचारा.